दहावीचा निकाल नववीत शोधा: शाळेचा पट आणि निकाल एकत्र कसा वाचायचा

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की शाळेच्या फाटकावर फ्लेक्स चढतो. पहिल्या तिघांचे फोटो, त्यांच्याहून मोठे स्थानिक पुढाऱ्यांचे फोटो आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘शाळेचा निकाल ९४ टक्के’. हे ९४ कुणापैकी, ते मात्र फ्लेक्सवर नसतं.

महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळांतले वर्गशिक्षक, नवे मुख्याध्यापक आणि शाळा समितीवर निवडून आलेले पालक यांच्यासाठी हा लेख आहे. आपल्या शाळेत नेमकी कोणती मुलं शिकतात आणि त्यांचं दहावीपर्यंत काय होतं, हे शाळेतल्याच कागदांवरून कसं काढायचं ते पुढे सांगतो. त्यासाठी संख्याशास्त्र यावं लागत नाही. एक्सेलची एक शीट, दोन शनिवार आणि जनरल रजिस्टर सांभाळणाऱ्या लिपिकाची मर्जी एवढं पुरतं. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, म्हणून सुरुवात चहापासून करा.

आधी कागद

पाच ठिकाणची माहिती लागते. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद आणि दाखला कधी, का नेला याचा रकाना. आठवी, नववी, दहावी अशा तीन वर्षांचे हजेरीपट. आठवी आणि नववीची वार्षिक निकालपत्रकं. बोर्डाच्या लॉगिनमधून मिळणारा शाळेचा एकत्रित निकाल, ज्यात प्रत्येक मुलाचे विषयवार गुण असतात. आणि युडायस प्लसवर, म्हणजे केंद्र सरकारच्या शाळांच्या माहितीच्या पोर्टलवर, भरलेली विद्यार्थ्यांची माहिती.

युडायसचा अकरा अंकी क्रमांक शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो, पुढचे अंक जिल्हा, तालुका, गाव आणि शाळा सांगतात. हा क्रमांक टाकला की शाळेचं रिपोर्ट कार्ड कुणालाही पाहता येतं. पालक असाल आणि शाळेच्या कपाटापर्यंत हात पोचत नसेल, तर निदान इयत्तावार मुलं-मुलींची संख्या तिथून घ्या. सलग तीन वर्षांची घ्या. आठवीत किती होती, पुढच्या वर्षी नववीत किती, त्याच्या पुढच्या वर्षी दहावीत किती, हे तिरकं वाचलं तरी पहिली शंका येते. बाकीची माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. महाराष्ट्रात अर्जाची फी दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवस. पण मागताना आकडे मागा, मुलांची नावं मागू नका.

भाजक कसा ठरवायचा

निकालाचा टक्का काढताना बोर्ड परीक्षेला बसलेल्यांपैकी पास किती ते बघतं. बोर्डापुरतं ते बरोबर आहे. शाळेला स्वतःचं काम तपासायचं असेल, तर आठवीच्या वर्गात बसलेली मुलं हा भाजक धरावा लागतो.

आठवीच का, तर शाळेतलं बरंच काही आठवीपाशी थांबतं. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाला लागू, म्हणजे आठवीपर्यंत. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. फुकट पुस्तकं आठवीपर्यंत. कायद्याने मुलाला मागे ठेवायलाही आठवीपर्यंत बरीच वर्षं बंदी होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली, तरी खरी चाळणी अजून नववीतच लागते. खिचडी बंद, पुस्तकं विकत, आणि नापास होण्याची भीती पहिल्यांदा खरी. हे तिन्ही एकाच जूनमध्ये येतं.

त्यात शाळेचेही दोन स्वार्थ असतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. संच मान्यतेत शिक्षकांची पदं पटावर ठरतात, म्हणून पट मोठा हवा. वरिष्ठांना आणि फ्लेक्सला निकाल हवा, म्हणून दहावीचा वर्ग निवडक हवा. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा पट फुगवण्याचा भाग चव्हाट्यावर आला. दुसऱ्या भागाची पडताळणी कुणी करत नाही. तो नववीत जुळवला जातो. कच्चा मुलगा नववीत नापास होतो, किंवा पालकांना बोलावून ‘याचा सतरा नंबरचा फॉर्म भरा, सोपं जाईल’ असं समजावलं जातं. सतरा नंबरचा मुलगा बोर्डाच्या हिशेबात खासगी विद्यार्थी. तो पास झाला काय नि नापास झाला काय, शाळेच्या नियमित निकालात दिसत नाही. मी वर्गशिक्षक असताना हा सल्ला स्वतः दोनदा दिलेला आहे, म्हणून सांगतो की तो देताना आपण मुलाचं भलंच करतो आहोत असं मनापासून वाटत असतं.

आता हिशेब. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या शाळेचे नाहीत.

समजा ३० सप्टेंबर २०२२ रोजी आठवीच्या पटावर ९६ मुलं होती. ही तारीख घ्यायची कारण युडायसची माहितीही त्या तारखेची असते, त्यामुळे दोन्हींचा मेळ घालता येतो. पुढच्या अडीच वर्षांत ११ जणांनी दाखला नेला आणि ते दुसऱ्या शाळेत दाखल झाल्याची खात्री आहे. ते वजा. बाहेरून ७ जण आले, ते अधिक. भाजक झाला ९२.

मार्च २०२५ च्या परीक्षेला यातली ६७ बसली, ६३ पास झाली. निकाल ९४ टक्के. त्या वर्षी राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, म्हणजे शाळा अगदी सरासरीवर. फ्लेक्स लावायला हरकत नाही.

उरलेली २५ कुठे आहेत? ९ अजून नववीत. ६ सतरा नंबरला. २ जणांनी फॉर्म भरला पण पेपरला आलीच नाहीत. आणि ८ जणांची नावं कुठल्यातरी हजेरीपटात शेवटची दिसतात, पुढे काहीच नाही. ९२ पैकी ६३ म्हणजे ६८ टक्के.

हे ६८ जाहीर करून शाळेची बदनामी करा असं मी म्हणत नाही. पण कामाची दिशा त्यातून ठरते. नापास झाली ४, शाळेतर्फे परीक्षेला बसलीच नाहीत २५. आणि आपण जादा तास घेतो ते कुणासाठी? दहावीतल्या काठावरच्या चार-पाच जणांसाठी, जानेवारीत.

इथे एक चूक हमखास होते. दाखला नेला म्हणजे मूल दुसऱ्या शाळेत गेलं असं धरलं जातं. दाखला कपाटात ठेवून मुलगा गॅरेजवर लागलेला असतो आणि आपण त्याला ‘स्थलांतरित’ म्हणून वजा करून मोकळे होतो. नव्या शाळेचं मागणीपत्र आलं का बघा. आता युडायसवर प्रत्येक मुलाला कायमस्वरूपी क्रमांक असतो, शाळा सोडून गेलेलं मूल दुसऱ्या शाळेने घेईपर्यंत ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये पडून राहतं. आपल्या शाळेची ती यादी एकदा उघडून बघा. त्यातली मुलं वजा करायची नाहीत.

ही मुलं आहेत कोण

आता एक्सेल. प्रत्येक मुलाला एक ओळ. नावाऐवजी जनरल रजिस्टरचा क्रमांक लिहा, शीट चुकून कुणाच्या व्हॉट्सॲपवर गेली तर निदान नावं जाणार नाहीत. मग रकाने: मुलगा की मुलगी, शाळेत कोणत्या इयत्तेत आला आणि कुठल्या शाळेतून, सामाजिक प्रवर्ग, दिव्यांगत्व असेल तर कोणतं, घरी बोलली जाणारी भाषा, घर ते शाळा अंतर आणि प्रवास कशाने, आई-वडिलांचं काम, आठवीचे व नववीचे गुण, दहावीचे विषयवार गुण, आणि शेवटी वरच्या पाच गटांपैकी मूल कशात पडतं: पास, नापास, नववीत अडकलं, सतरा नंबर, बेपत्ता. पेपरला न आलेली दोघं बेपत्तामध्ये धरा.

प्रवर्गाचा रकाना सगळ्यांत तयार मिळतो, म्हणून सगळे विश्लेषण तिथेच सुरू करतात आणि तिथेच थांबतात. अहवालात वाक्य पडतं, ‘अमुक प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांचा निकाल कमी’. त्यातून काय करायचं ते कुणालाच कळत नाही आणि एका समाजाच्या मुलांवर शिक्का बसतो. प्रवर्ग बघायलाच हवा, कारण शिष्यवृत्ती आणि योजना त्यावर अवलंबून असतात आणि वर्गात दुजाभाव होत असेल तर तोही इथेच दिसेल. पण त्याच्या जोडीला दुसरा रकाना ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. भटक्या जमातीतल्या बेपत्ता मुलांच्या समोर ‘आई-वडिलांचं काम’ वाचा. तिथे ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम असं लिहिलेलं असेल, तर खरा प्रश्न हंगामाचा आहे.

हा हंगाम हजेरीपटात स्पष्ट दिसतो. म्हणून वर्षाची एकच टक्केवारी काढू नका. जून ते दिवाळी एक, दिवाळीनंतर ते एप्रिल दुसरी. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. दहावीची परीक्षा नेमकी त्याच काळात. वार्षिक सरासरी ६५ टक्के दिसणारं मूल प्रत्यक्षात दिवाळीपर्यंत रोज येतं आणि नंतर जवळपास येतच नाही. त्याला ‘अनियमित’ म्हणणं चूक आहे, ते अगदी नियमित आहे, फक्त शाळेच्या कॅलेंडरप्रमाणे नाही. त्याच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव सप्टेंबरातच गेला पाहिजे, टोळी निघून गेल्यावर नाही.

हजेरीबद्दल आणखी एक. दहावीच्या हजेरीवर फार विसंबू नका. बोर्डाची ७५ टक्क्यांची अट असते, त्यामुळे तिथे लेखणी जरा सैल चालते. आठवी-नववीचे हजेरीपट जास्त खरे बोलतात.

घरची भाषा हा रकाना कुठेच तयार मिळत नाही. तो मुलांना विचारून भरावा लागतो आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा. कागदावर माध्यम मराठी, पण घरी भिलोरी, पावरी, गोरमाटी, कन्नड, तेलुगू किंवा हिंदी. अशी मुलं बोलताना छान मराठी बोलतात, म्हणून आपल्याला वाटतं भाषेची अडचण संपली. मग इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत पाच ओळींच्या जागी दीड ओळ येते.

मुलींकडे वेगळं बघावं लागतं. परीक्षेला बसलेल्यांत मुली पुढे असतात, २०२५ साली राज्यात मुलींचा निकाल ९६.१४ आणि मुलांचा ९२.३१ टक्के होता. यावरून मुलींचा प्रश्न सुटला असं समजलं जातं. पण हा पुन्हा बसलेल्यांचाच हिशेब. तुमच्या बेपत्ता यादीत मुली किती आणि त्या कोणत्या महिन्यात थांबल्या ते बघा. आठवीनंतरच्या मे महिन्यात थांबल्या असतील, तर अंतराचा रकाना वाचा. वाटेवर ओढा किंवा हायवे आहे का, एसटीची वेळ बदलली का, हे गावातल्या कुणालाही माहीत असतं, फक्त शाळेच्या फाइलमध्ये नसतं. लग्न ठरल्याचा संशय असेल तर ती आकडेवारीची बाब उरत नाही, ग्रामसेवक आणि चाइल्डलाइन १०९८ यांना त्याच दिवशी कळवायचं.

एक सावधगिरी. गटात मुलं दहाहून कमी असतील तर टक्केवारी काढू नका, संख्या लिहा. तीन दिव्यांग मुलांपैकी एक नापास झालं तर ‘३३ टक्के नापास’ हे हास्यास्पदही आहे आणि क्रूरही, कारण ते एक मूल कोण हे गावाला लगेच कळतं. असे छोटे गट असलेला तक्ता शाळेबाहेर जाता कामा नये.

विषयांत शिरताना

एकूण टक्के बाजूला ठेवा. बेस्ट ऑफ फाइव्हमुळे सर्वांत कच्चा विषय टक्केवारीतून गळतो, आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण वर मिळतात. २०२५ साली राज्यात २११ जणांना शंभर टक्के मिळाले ते याच हिशेबाने. मुलांना हे गुण मिळायलाच हवेत, पण शिकवण्याचा अंदाज त्यावरून येत नाही.

विषयवार गुण घ्या आणि लेखी व अंतर्गत वेगळे करा. ज्याला अंतर्गतमध्ये २० पैकी १९ आणि लेखीत ८० पैकी १८ आहेत, त्याला आपण काय शिकवलं हा प्रश्न आहे, आणि तो वर्गातल्या निम्म्या मुलांबाबत निघाला तर तो शिक्षकांच्या बैठकीत विचारायचा आहे, मुलाला नाही. असं होतं तेव्हा काय घडतं, ते सगळ्या राज्याने एकदा पाहिलं आहे. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि निकाल ७७.१० वर आला. गुण परत दिल्यावर २०२० मध्ये ९५.३०. तीन वर्षांत मुलं बदलली नव्हती, शिक्षकही तेच होते.

गणित आणि इंग्रजी यांत ३५ ते ४५ मध्ये किती मुलं आहेत ते मोजा. मग त्याच मुलांचे आठवीचे गुण शेजारी ठेवा. बहुतेक वेळा धागा आठवीच्याही मागे जातो. मुलांना वाचन-गणित किती येतं ते तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत न अडखळता वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून कमी जणांना जमलं. नववीच्या पहिल्या आठवड्यात आपल्या वर्गात हेच दोन प्रश्न घ्या, एक परिच्छेद वाचायला आणि एक भागाकार. अर्धा तास लागतो. बीजगणिताचं पहिलं प्रकरण कुणाच्या डोक्यावरून जाणार आहे ते जूनमध्येच कळतं.

तुलना कुणाशी करायची

शेजारच्या शाळेशी नको. ती पाचवीला मुलाखत घेऊन मुलं घेत असेल, तुमच्याकडे नववीत दुसरीकडून नाकारलेली येत असतील. म्हणूनच शीटमध्ये ‘कोणत्या इयत्तेत आला’ हा रकाना ठेवला. पाचवीपासून तुमच्याकडे असलेली मुलं आणि नववीत आलेली मुलं असे दोन गट करा, अंतर आश्चर्य वाटेल एवढं निघू शकतं.

राज्याच्या सरासरीशी तुलना करताना विभाग बघा. कोकण विभाग वर्षानुवर्षं पहिला असतो, २०२५ ला ९८.८२ टक्के. त्याच वर्षी नागपूर विभाग ९०.७८ वर होता. सावंतवाडीतल्या शाळेचे ९४ आणि गडचिरोलीतल्या आश्रमशाळेचे ९४ एक नव्हेत. आणि मागच्या वर्षांशी तुलना करताना २०२१ सरळ वगळा. त्या वर्षी कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के लागला. पाच वर्षांच्या आलेखात तो आकडा घातलात तर पुढची सगळी वर्षं घसरणीचीच दिसतील.

खरी तुलना आपली आपल्याशीच. भाजक आठवीचा धरून सलग तीन तुकड्यांचा हिशेब करा. ६८ चे ७१, ७१ चे ७५ होत असतील तर शाळा सुधारते आहे, मग बोर्डाचा टक्का ९४ वरून ९० वर आला तरी. तो येईलही, कारण नववीत अडवलेली मुलं आता परीक्षेला बसू लागतील. वरिष्ठांच्या आढावा बैठकीत हे सांगायला लागेल, म्हणून मुख्याध्यापकांनी दोन्ही आकडे एकाच कागदावर, शेजारी शेजारी नेलेले बरे.

कामाला कोणत्या महिन्यात लागायचं

जूनमध्ये नववीची वाचन-भागाकाराची चाचणी आणि आठवीतून न आलेल्या मुलांच्या घरी फेरी. ही फेरी पंधरा जूनच्या आठवड्यातच. ऑगस्टमध्ये गेलात तर मूल कामाला लागलेलं असतं आणि घरात त्याचे पैसे येऊ लागलेले असतात.

आठवीच्या हुशार पण गरीब मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा लक्षात ठेवा. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातलं मूल निवडलं गेलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे खिचडी आणि पुस्तकं थांबतात नेमकी तेव्हापासून. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकांना तहसीलला दोन खेपा पडतात, त्यांचा रोज बुडतो. शाळेने एकदाच सगळ्यांचे अर्ज गोळा करून सेतू केंद्रात नेले तर मुलांची संख्या दुप्पट होते, हा माझा अनुभव.

दिवाळीच्या सुट्टीआधी हंगामी मुलांची यादी. कुठल्या कारखान्यावर जाणार, मुकादमाचा फोन नंबर काय, आजी-आजोबा गावात राहणार आहेत का. एवढं वर्गशिक्षकाच्या वहीत असलं तरी जानेवारीत फोन लावता येतो.

सतरा नंबरच्या फॉर्मसाठी एक साधा नियम समितीने ठरावात घ्यावा: कुठल्याही मुलाला तो सुचवण्याआधी वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांनी एकत्र बसून कारण लिहायचं आणि तिघांनी सह्या करायच्या. बंदी घालू नका, काही मुलांना तो खरंच सोयीचा असतो, काम करून शिकणाऱ्यांना विशेषतः. पण कारण लिहायची वेळ आली की निम्मे फॉर्म आपोआप थांबतात.

आणि निकालाच्या आठवड्यात नापास झालेल्या चौघांना त्याच दिवशी बोलवा. एक-दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीने, म्हणजे ते विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीने, अकरावीला जाता येतं आणि पुरवणी परीक्षेचे फॉर्म लगेच सुरू होतात, मुदत थोडी असते. त्या दिवशी फाटकावर पेढे वाटणं चालू असतं, म्हणून ही चौघं शाळेकडे फिरकत नाहीत. त्यांच्या घरी कोण जाणार, ते निकालाच्या आदल्या दिवशी ठरवून ठेवा.